एकट्या वेगळ्या माणसाने कमिटी वेगळी होत नाही

सोसायटीची निवडणूक झाली की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, बघा कधीतरी थांबून. शंभरपर्यंत सभासद असतील तर अकरा जणांची कमिटी, त्यात सहा जागा सर्वसाधारण, दोन महिलांच्या, एक अनुसूचित जाती-जमातीची, एक ओबीसींची आणि एक विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गाची. पहिल्या आठ नावांपुढे फ्लॅट नंबर असतात आणि खालच्या तीन ओळींपुढे बऱ्याचदा एकच शब्द असतो, रिक्त. पुण्यामुंबईत, ठाण्यात, नाशकात मी जिथे जिथे हा कागद वाचलाय तिथे बहुतेक वेळा असंच दिसलंय, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, अर्जच आला नाही हो, आम्ही काय करणार.

अर्ज का येत नाही हे मात्र कुणी विचारत नाही. राखीव जागेवर उभं राहायचं म्हणजे जातीचा दाखला जोडायचा, तो कागद शेजारच्याच फ्लॅटमधल्या माणसांच्या हातात द्यायचा आणि मग बोर्डावर आपल्या नावापुढे प्रवर्ग छापून आला की लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या लोकांनी तो वाचायचा. ज्या माणसाने शहरात घर घेताना ब्रोकरच्या, घरमालकाच्या, शेजाऱ्याच्या "आडनाव काय म्हणालात?" ला तोंड देत देत इथवर मजल मारली, तो महिन्यातून एकदा पाण्याच्या टँकरवर चर्चा करायला मिळावी म्हणून हे सगळं पुन्हा का ओढवून घेईल? कायद्याने खुर्ची ठेवली हे चांगलंच केलं, मी त्याच्या बाजूचीच आहे, पण त्या खुर्चीवर बसायची किंमत फक्त बसणाऱ्यानेच मोजायची असेल तर ती रिकामी राहणार यात नवल काही नाही.

यावर एक उत्तर फार ऐकू येतं, आमच्याकडे कुणी जात बघतच नाही, आमच्याकडे तर सगळा भारत आहे. हिंजवडी, खराडी, वाकड या भागातल्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये हे वाक्य खरंही वाटतं. बंगाली आहेत, तमिळ आहेत, मारवाडी, मल्याळी, विदर्भातले, कोकणातले, दुर्गापूजा होते, ओणमची रांगोळी निघते, गणपती तर असतोच. छान वाटतं, मलाही वाटतं. पण त्याच कमिटीतल्या अकरा जणांचं रोजचं आयुष्य शेजारीशेजारी ठेवून बघा. वय पस्तीस ते पन्नास, नोकरी आयटीत किंवा आयटीच्या आसपास, गृहकर्ज साधारण सारखं, मुलं त्याच तीन-चार शाळांत, घरी भांडी घासायला येणारी बाई आणि गाडी पुसणारा मुलगा. भाषा अकरा असतील, पण कामवाल्या बायकांना कुठल्या लिफ्टने सोडायचं हा विषय निघाला की मत एकच निघतं आणि त्या एकमताचं सगळ्यांना कौतुकही वाटतं.

एक उदाहरण सांगते, जवळून बघितलेलं. एका सोसायटीत क्लबहाऊसचं टॉयलेट रात्री दहानंतर कुलूप लावून बंद ठेवायचा ठराव झाला, कारण बाहेरची मुलं येऊन घाण करतात. ठराव एकमताने. कमिटीत बायका होत्या, तीन धर्माचे लोक होते, पाच राज्यांचे होते. आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की गेटवर रात्री आठ ते सकाळी आठ बसणारा वॉचमन तेच टॉयलेट वापरतो. हे लक्षात आलं ते तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहणाऱ्या एका मावशींच्या, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रात्रपाळ्या केलेल्या. पहाटे फिरायला उतरल्या तेव्हा तो माणूस कंपाउंडच्या मागच्या बाजूने येताना दिसला, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "दादा, रात्री जाता कुठे?" तो आधी काही बोलेना, मग म्हणाला, "मावशी, पाणीच कमी पितो." नर्स बाई, त्यांना याचा अर्थ लगेच कळला, बारा तासांची ड्युटी आणि पाणी कमी प्यायचं म्हणजे मूत्रपिंडाची काय वाट लागते हे त्यांनी वॉर्डात बघितलेलं. पण पुढे काय करणार? लेकीचा फ्लॅट भाड्याचा. भाडेकरू सभासद नसतो, मीटिंगमध्ये बोलायचा हक्क नाही, मत तर नाहीच. मावशी सेक्रेटरीकडे गेल्या तर त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं की काकू, तुमच्या ओनरला मेल करायला सांगा. ओनर दुबईला.

आता या कमिटीला विविध म्हणायचं की नाही? फोटोत बघितलं तर म्हणावंच लागेल. माझं म्हणणं असं की गटात वेगवेगळे लोक किती बसलेत हे मोजून पहिली पायरी होते, ती हवीच, पण त्या लोकांच्या वेगळेपणामुळे गटाचा एखादा निर्णय कधी बदलला का हे विचारल्याशिवाय काही कळत नाही. आणि निर्णय बदलायचा तर त्या माणसाला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत, बहुमताला नाही म्हणता आलं पाहिजे, आपल्याच लोकांनासुद्धा नाही म्हणता आलं पाहिजे, आणि चुकता आलं पाहिजे. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं.

पहिलीपासून बघू. अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. कागदावर रेघा दाखवायच्या आणि कुठली रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे ते विचारायचं, लहान पोरालाही जमेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशने आधीच सांगून ठेवलेले, ते मुद्दाम एकसुरात चुकीचं उत्तर देणार. खरा पाहुणा एकटाच. तर अशा वेळी जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं अशी आली की माणसाने डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाचं चुकीचं उत्तर उचललं. मग ॲशने खोलीत आणखी एकच माणूस असा बसवला जो गटाच्या विरुद्ध बोलेल, आणि लगेच हे मान डोलावणं आधीच्या साधारण एक चतुर्थांशावर आलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट, त्या दुसऱ्या माणसाचं उत्तर बरोबर नसलं, गटापेक्षा वेगळं पण चुकीचंच असलं, तरीही पाहुण्याला धीर यायचा. म्हणजे सोबत्याने बरोबर असायची गरज नव्हती, कुणीतरी वेगळं बोललं आणि आभाळ कोसळलं नाही एवढं दिसणं पुरेसं होतं.

म्हणून एकच वेगळा माणूस आणून बसवणं मला धोक्याचं वाटतं. रोझाबेथ कँटर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७७ साली एका मोठ्या कंपनीतल्या बायकांबद्दल लिहिताना हे नीट मांडलंय, गटात एखाद्या प्रकारची माणसं शंभरात पंधरापेक्षाही कमी असली की ती माणसं राहत नाहीत, नमुना होतात. अकरात एक म्हणजे नऊच टक्के झाले. त्या एकाचं प्रत्येक वाक्य त्याच्या सगळ्या जमातीच्या खात्यावर जमा होतं. हिशोबात चूक झाली तर "बायकांना आकडे जमत नाहीत", तीच चूक जुन्या खजिनदाराने केली तर "त्यांची तब्येत बरी नव्हती". असं असताना माणूस काय करतो, तर फक्त खात्रीचं बोलतो, किंवा बोलतच नाही, किंवा बहुमतापेक्षाही जोरात बहुमताचं बोलतो म्हणजे कुणाला शंका नको. आपण मग म्हणतो, अहो ते तर कमिटीत आहेत, त्यांनीच कधी विषय काढला नाही.

चुकता आलं पाहिजे असं मी म्हणते ते यासाठी. ज्याला चुकायची मुभा नाही तो अर्धवट विचार बोलून दाखवत नाही, आणि मीटिंगमधले चांगले मुद्दे बहुतेक अर्धवटच सुरू होतात, कुणीतरी चाचपडत काहीतरी म्हणतं, दुसरा त्यात भर घालतो, तिसरा खोडतो, आणि मग कुठे ते उभं राहतं. ही चाचपडायची सोय ज्यांना आहे तेच त्या गटाचे खरे सभासद, बाकीचे पाहुणे.

महिलांच्या दोन जागांचं काय होतं तेही बघा. एकाऐवजी दोन केल्या हे कायद्याने शहाणपणाचंच केलं, अकरात दोन म्हणजे अठरा टक्के. पण प्रत्यक्षात काय, एकीकडे सांस्कृतिक, म्हणजे हळदीकुंकू, गणपतीची रांगोळी, कोजागिरीचं दूध, आणि दुसरीकडे बाग. लिफ्टच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, वॉटरप्रूफिंगचं टेंडर, रिडेव्हलपमेंटचा बिल्डर, मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला सिंकिंग फंड कुठल्या बँकेत ठेवायचा, जिथे पैसा आहे ते सगळं दुसऱ्या टोकाला. आणि मीटिंग रात्री साडेनऊला, घरोघरी ओटा आवरायच्या वेळेला. शिवाय खरा निर्णय तर मीटिंगच्या आधी पार्किंगमध्ये चौघांनी उभ्या उभ्या घेतलेला असतो, मीटिंगला फक्त सह्या. म्हणून मला कुणी आमच्याकडे किती बायका आहेत हे सांगितलं की मी विचारते, चेकवर सही कुणाची चालते आणि मीटिंगची वेळ कुणी ठरवली.

गावाकडे हा अनुभव शहरापेक्षा जुना आहे. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला सगळीकडे चर्चा एकच, सरपंच बाई आणि कारभार सरपंचपतीचा, आणि हे आजही अनेक ठिकाणी खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही मोजली गेलीय. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली जे छापलं त्यात दिसलं की सरपंचपद बायकांसाठी राखीव असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. का, तर पाणी त्याच भरत होत्या. इथे नुसती खुर्ची नव्हती, हातात निधी होता आणि ग्रामसभेत खाली बसलेल्या बायकाही होत्या ज्या बोलू लागल्या. समोर आपल्यासारखी माणसं दिसली की बोलणाऱ्याला बळ येतं, ते ॲशच्या खोलीतल्या त्या दुसऱ्या माणसासारखंच.

आता आपल्याच लोकांना नाही म्हणण्याबद्दल. संविधान सभा काही लहान गट नव्हता, २९९ सभासद, त्यात १५ बायका, पण एक गोष्ट तिथलीच सांगण्यासारखी आहे. दाक्षायणी वेलायुधन या त्या सभेतल्या एकमेव दलित स्त्री. बाबासाहेबांनी १९४७ साली सभेसाठी जे निवेदन तयार केलं त्यात अनुसूचित जातींना स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी फक्त त्यांनीच निवडायचे, असे मागितले होते, आणि वेलायुधन यांनी स्वतंत्र मतदारसंघांना सभेत उघड विरोध केला. कोण बरोबर यावर आजही वाद होऊ शकतो, १९३२ साली गांधीजींच्या उपोषणापुढे हे मतदारसंघ सोडून द्यावे लागले त्या पुणे कराराची जखम ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात बाबासाहेबांची बाजू जास्त पटेल, मलाही बऱ्याच अंशी पटते. पण सभागृहाला त्या दिवशी हे दिसलं की दलितांचं मत असं एक गाठोडं नसतं, तिथेही माणसं आहेत, वाद घालणारी. सभेत दलित सभासद एकच असता तर तो जे म्हणेल ते "त्यांचं म्हणणं" ठरलं असतं आणि त्याला स्वतःचं मत ठेवायला जागाच उरली नसती.

आपल्याच लोकांना नाही म्हणणारं आणखी एक उदाहरण तर साताऱ्याचं आहे. भाऊराव पाटील स्वतः जैन, कोल्हापुरात शिकायला जैन बोर्डिंगात राहत होते, तिथून ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नाही म्हणाले, त्यावरून बोर्डिंग सोडावं लागलं. याच माणसाने १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढे १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं आणि तिथे सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र ठेवली, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. त्या काळात जातवार वसतिगृहं होती आणि त्यांचाही उपयोग झाला, शाहू महाराजांनी ती काढली नसती तर बहुजनांची कितीतरी पोरं शिकलीच नसती, हे विसरून चालणार नाही. पण भाऊरावांच्या वसतिगृहात मला जे वेगळं दिसतं ते असं की पोरं नुसती एका छपराखाली झोपत नव्हती, कामं वाटून करत होती, एकत्र रांधत होती, एका पंगतीला जेवत होती. घरात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. एकाच पिठाची भाकरी खाणारी ती पोरं, पीठ कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी पडणार होतं.

आपल्या सोसायट्यांत, ऑफिसांत, मंडळांत हेच नसतं. सगळे एकत्र बसतात पण निर्णयाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. टॉयलेटला कुलूप लावलं त्या अकरा जणांपैकी एकालाही त्या रात्री पाणी कमी प्यावं लागलं नाही. भाडेकरूंचंही तसंच, फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि ते पैसे शेवटी भाड्यातूनच निघतात, पण त्याच भाडेकरूने सूचना केली तर तो बाहेरचा. मुलांना मित्र आणायला बंदी, बॅचलरना रात्री अकरानंतर पाहुणे बंद, हे नियम करणाऱ्यांपैकी कुणालाच ते नियम लागू नसतात.

याला विरोध करणारे मुद्देही आहेत आणि ते सगळेच वाईट मनाने काढलेले नसतात. एक म्हणजे, आम्हाला आवडेल त्याच्यासोबत बसायचा हक्क आहे की नाही? आहे ना. सहा जणींची भिशी असेल, ट्रेकला जाणारा कॉलेजचा जुना ग्रुप असेल, तिथे कुणी येऊन प्रवर्ग मोजू नयेत. पण ज्या गटाचा निर्णय गटाबाहेरच्या माणसाच्या पाण्यावर, घरावर, पगारावर चालतो तिथे आवडीनिवडीचा हक्क सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. एका घटत चाललेल्या छोट्या समाजाने एकत्र राहावंसं वाटणं मी समजू शकते, पण तोच निकाल बहुसंख्यांच्या, पैसेवाल्यांच्या, फक्त शाकाहारीवाल्यांच्या हातात गेला की एखाद्या शहरात ठरावीक आडनावांना घरच मिळणार नाही, आणि मिळत नाही हे मुंबईत मुसलमान कुटुंबाला विचारा, दलित कुटुंबाला विचारा, मासे खाणाऱ्या मराठी कुटुंबालासुद्धा विचारा.

दुसरा मुद्दा, इतकी मतं आली की काम होत नाही. हे खरं आहे, मीटिंग लांबते, डोकं दुखतं, आठवड्यात होणारं काम महिनाभर चालतं. मला याचं सोपं उत्तर माहीत नाही आणि शोधायचंही नाही, कारण तो वेळ फुकट जात नाही, तो आधी कुणीतरी दुसरं माणूस गुपचूप भरत होतं, तहान मारून.

कायदा करणाऱ्यांना हे एका ठिकाणी नीट कळलंय असं मला वाटतं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याने जी अंतर्गत समिती नेमायला सांगितली त्यात निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, अध्यक्ष स्त्रीच हवी, आणि एक सभासद कंपनीच्या बाहेरचा हवा, ज्याचा पगार आणि प्रमोशन त्या साहेबाच्या हातात नाही. बाहेरचं माणूस घ्या, एकटी बाई नको निम्म्या घ्या, आणि प्रमुखपद त्यांच्याकडे द्या, तिन्ही गोष्टी एकत्र. याउलट २०१३च्याच कंपनी कायद्याने लिस्टेड कंपन्यांना बोर्डावर किमान एक महिला संचालक घ्यायला सांगितलं, आणि सुरुवातीला अनेक ठिकाणी ती जागा मालकाच्याच घरातल्या बाईंनी भरली गेली.

सोसायटीपुरतं बोलायचं तर कायदा बदलायची वाट बघायला नको. राखीव जागेसाठी कमिटीनेच घरी जाऊन विनंती करावी, दाखला बंद पाकिटात निवडणूक अधिकाऱ्याकडेच राहील असं लेखी द्यावं आणि बोर्डावर निवडून आलेल्यांची नावं एकाखाली एक लावावीत, प्रवर्गाचा कॉलम न छापता. भाडेकरूंनी आपल्यातले दोघं निवडावेत, एक नको, दोघं, मत नसलं तरी बोलायला बसवता येतं, निमंत्रित म्हणून बसवायला कुणाची ना नाही. वॉचमन, हाउसकीपिंग आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्यावर परिणाम होणारा कुठलाही ठराव त्यांच्यापैकी किमान दोघांशी बोलल्याशिवाय मांडू नये, आणि काय बोलणं झालं ते इतिवृत्तात लिहावं. चर्चेत अध्यक्षांनी शेवटी बोलावं, कारण ते आधी बोलले की निम्मी खोली गप्प होते. खजिनदारपद दर निवडणुकीत फिरवावं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, विषय अजेंड्यावर हवा असेल तर सभासदाने आधी लेखी द्यावं लागतं, तेव्हा जे सभासद आहेत त्यांनी ऑगस्टमध्येच हे चार ओळींचं पत्र सेक्रेटरीकडे देऊन पोच घ्यावी, आणि त्यात टॉयलेटच्या कुलपाचा मुद्दा पहिला टाकावा.